दूरच्या विचारानं घेतलेला ब्लॉक

पहिलं घर घ्यायचं म्हटलं की सल्ला द्यायला सगळं गाव मोकळं असतं. कमळाकरच्या वाट्याला हैबतराव आले. धाटावच्या रसायनांच्या कंपनीत ते त्याचे सुपरवायझर, आणि शिफ्टमधल्या निम्म्या पोरांना त्यांनीच घरं घ्यायला लावली होती. "आजचं बघू नको, कमळाकर. दूरचं बघ. कंपनी जवळ, शाळा जवळ, नळाला बारमाही पाणी. म्हातारपणी माझी आठवण काढशील."

कमळाकरनं मान डोलावली आणि रोह्याला नाल्याकाठच्या नव्या इमारतीत ब्लॉक घेऊन टाकला. बायकोला एकदा दाखवावा, हे त्याच्या मनातही आलं नाही. भाजी घेताना चार वांगी दाबून बघणारी बाई घर घेताना लागत नाही, ही आपल्याकडची जुनी अक्कल आहे.

त्याची बायको हौसा पेणजवळच्या खाडीकाठची, मिठागरावर वाढलेली. घर पेणला घ्यावं, नवऱ्यानं गाडीनं जावं-यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. ते कुणी ऐकून घेतलं नाही. नव्या ब्लॉकचं दार उघडलं, ती आत गेली आणि पदर नाकाला लावून बाहेर आली. आत सडक्या अंड्यांचा वास भरला होता. तो नाल्यातून यायचा, आणि दुपारी वारा फिरला की डोळ्यांतून पाणी काढायचा.

"कसला वास?" कमळाकर म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. पंधरा वर्षं प्लँटवर काढल्यावर त्याचं नाक गेलं होतं, आणि गेलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. हौसानं ते तोंडावर सांगितलं. त्याला फार लागलं.

पुढच्या रविवारी त्यानं हैबतराव आणि शिफ्टमधले तिघे जेवायला बोलावले. निवाड्यालाच म्हणा ना. हौसानं खाडीतल्या निवट्यांचं, म्हणजे चिखलातल्या मासळीचं, कालवण केलं. सगळे पोटभर जेवले, मग हैबतरावांनी दोन्ही खोल्या आणि मोरी हिंडून मोठमोठे श्वास घेतले. "मला तर काय येत नाय," ते म्हणाले. बाकीच्यांनाही येत नव्हता. त्यातल्या एकाला तर कालवणाचाही आला नव्हता, गरम होतं एवढंच तो सांगू शकला. पण तिकडे लक्ष देईल कोण?

"वहिनी, माहेरची हवा डोक्यातून काढा आता," हैबतराव म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसला तो कमळाकर. तेव्हापासून आल्यागेल्याला तो सांगायचा, "आमच्या बाईच्या डोक्यात वास शिरलाय." शेजारणीही तिच्याकडे तशाच बघू लागल्या.

हौसाचं जेवण तुटलं. घास तोंडाशी नेला की मळमळायचं. ते तिनं सोसलं. मुलगी खोकायला लागली आणि खोकला हटेना, तेव्हा मात्र तिनं नवऱ्याचे पाय धरले.

"बरं," तो कंटाळून म्हणाला. "इकला गेला तर जाऊ पेणला. नाय गेला तर वासाचं नाव परत काढायचं नाय."

पहिली दोन गिऱ्हाइकं जिन्यातूनच परत गेली. त्यांच्याबरोबर बायका होत्या.

तिसरा आला शिवा, कमळाकरच्याच प्लँटवरचा. बरोबर त्याची बायको मैना, पाचवा महिना लागलेली. हौसानं त्यांना मुद्दाम सकाळी बोलावलं होतं आणि गॅसवर सुकट भाजायला टाकली होती. शिवाला घर पसंत पडलं. पाण्याची टाकी बघायला दोघे पुरुष गच्चीवर गेले, तशी मैना हौसाजवळ सरकली.

"मावशी, खरं सांगा. ह्यांना काय कळत नाय. हितं वास येतो ना?"

इतक्या दिवसांत हौसाला हे विचारणारं पहिलं माणूस भेटलं होतं. तिला रडू फुटायला आलं. या पोरीला गळ्याशी धरावं आणि म्हणावं, येतो गो बाय, पळ हितनं. आतल्या खोलीत मुलीला खोकल्याची उबळ आली. हौसानं उठून ते दार लावून घेतलं.

"सुकट भाजलीय ना, तिचा."

"तसा नाय वाटत."

"पोटुशी बाईला नाय नाय ते वास येतात गो. मलाबी यायचे. मोकळी झालीस की जातील."

मैनाचा चेहरा सैलावला. "सासूबाईपण तेच म्हणतात," ती लाजून म्हणाली, "माझंच कायतरी हाय." आणि वाकून हौसाच्या पाया पडली.

"सुखात राहा," हौसा म्हणाली, आणि दुपारचा वारा फिरायच्या आत तिनं शिवाचा होकार घेतला.