धनंजयच्या संगतीचे

धनंजयनं रस्त्याकडेच्या दगडावर पाय टेकवला, गुडघ्यावरचा पट्टा सोडला आणि पुन्हा आवळून बांधला. मागून रांगत येणारी रुग्णवाहिकाही थांबली. खिडकीतून भैय्यालाल ड्रायव्हरचं डोकं बाहेर आलं.

"बसून घ्या ना भाऊ. अजून अड्याळबी नाही आलं. भंडारा तं लय दूर आहे."

"अड्याळ येऊ द्या," धनंजय म्हणाला.

"तिथं बसता?"

"तिथं तं बसूच शकत नाही, बाप्पा."

भैय्यालालला त्यातलं काही कळलं नाही. मॅरेथॉनमधल्या शेवटच्या माणसामागे गाडी ठेवायची, एवढंच त्याला सांगितलेलं होतं, आणि शेवटचा माणूस कोण याबद्दल पहाटेपासून कुणाला शंका उरली नव्हती. पवनीजवळून सुटलेली बाकीची मंडळी केव्हाच दिसेनाशी झाली होती. रस्त्यावर उरलं होतं ते धुकं, आणि दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या रिकाम्या बांध्या.

धनंजयनं नाव नोंदवलं होतं पोळ्याच्या सुमारास, अंगात रग असताना. मग कापणीत डोक्यावर धानाचा भारा घेऊन शेताच्या धुऱ्यावरून, अरुंद बांधावरून, येताना पाय घसरला आणि गुडघा मुरगळला तो मुरगळलाच. डॉक्टरांनी खाटेवर बसवलं. वावरात धान पिकून उभं, आणि मालक पाय लांब करून बसलेला. अशात एका सकाळी अर्धं अड्याळ गाव विळे घेऊन वावरात उतरलं. न बोलावता इर्जिक झाली. धान कापलं, बांधलं, चुरलं, पोती घरात आणून टाकली. त्या दिवशीची पंगत धनंजयनं काठी टेकत टेकत वाढली. कुणाच्या पानात काय वाढतोय हे त्याला धड दिसत नव्हतं, डोळे सारखे भरून येत होते.

आणि त्याच पंगतीत त्याच्या आईनं, सत्यभामाबाईनं, घोटाळा करून ठेवला. भाताचं घमेलं कमरेवर घेऊन ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली,

"माहा धनंजय त्या मॅरेथानमंधी धावून राहिला. आपल्याच सडकेनं जाते ते. सबन जन या पाहाले!"

नाव मागे घ्यायचं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. ते राहिलंच. ज्यांनी आपलं धान घरात आणून टाकलं, त्यांना सडकेवर ताटकळत ठेवायचं आणि आपण घरी बसायचं, हे काही त्याच्यानं होणार नव्हतं. सराव म्हणावा तर शेवटचे काही आठवडे तलावाच्या पाळीवरून लंगडणं, तेवढाच.

दुखण्याचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं. भीती वेगळी होती. गावाच्या लेखी शर्यत म्हणजे शंकरपट. बैलजोडी नंबरात आली तर गुलाल, नाही तर तिचं नावही कुणी घेत नाही. आपल्या मागे सुस्त चालणारी ही गाडी बघून सगळ्यांच्या माना खाली जातील, या विचारानं अड्याळ जवळ येऊ लागलं तसा त्याचा पाय आणखीच जड झाला.

गावाच्या तोंडाशी दोन खांबांना बांधलेली साडी फडफडत होती. खाली बाकडी, चहाची रिकामी पातेली, केळ्यांच्या सालींचा ढीग, उकडलेल्या पोपटाच्या शेंगांची टरफलं. एखाद्या लग्नाची पंगत नुकती उठून गेली असावी असा सगळा देखावा. माणसं मात्र गेली नव्हती. त्याला पाहताच टाळ्या सुरू झाल्या.

सुखरामकाका पुढे आले. गावातला हा सर्वांत वयस्क माणूस, पण आज नव्या नवरदेवासारखा फेटा बांधून उभा होता. हात मात्र रिकामे होते.

"हार नाही राह्यला रे बाप्पा," ते जरा ओशाळून म्हणाले. "पयला जो आला ना, लंबा पोट्टा, त्याले घातला. त्याच्या मांगं जे आले त्याइले चहा पाजला, पोहे देले, शेंगा देल्या. तुया संगतीचे लोकं हायेत ते. तसेच कसे जाऊ द्याचे?"

"सगळ्याइले?"

"सबनाइले. थांबतच नव्हते. तुया मायनं एकेकाचा हात धरून थांबवले."

धनंजयला हसावं की काय करावं कळेना. ज्यांच्याशी आपण पहाटे धड बोललोही नाही, त्या नागपूर-पुण्याच्या पळणाऱ्यांना गावानं आपले सोबती ठरवून टाकलं होतं. शर्यतीत पळणाऱ्याला पोहे खाऊ घालणारं गाव जगाच्या पाठीवर दुसरं नसेल. तो काकांच्या पाया पडायला वाकला तसा गुडघ्यातून चमक आली, आणि काकांनीच त्याला वरच्या वर धरलं.

"काका, मी लय मांगं राह्यलो. माफ करा."

"काहून? तुया वावरात मी धान कापाले आल्तो. माया हातानं एक बांधीबी पुरी झाली नाही. तरी जेवलोच ना मी? तूनं दोनदा भात वाढला."

काका एवढंच म्हणाले आणि बाजूला झाले. सत्यभामाबाईनं लोटाभर पाणी त्याच्या हातात दिलं. तिची नजर पट्ट्यावर होती.

"दुखते काय?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. दुखतंय हे तिला कळलं होतं, आणि आपण थांब म्हटलं तर तो थांबेल हेही. तिनं रिकामा लोटा घेतला आणि रस्ता मोकळा केला.

अड्याळ मागे पडलं. ऊन वर आलं. धनंजय थोडा पळे, बराच चाले. भैय्यालालनं पुन्हा काही बसा म्हटलं नाही. मध्येच एकदा त्यानं खिडकीतून पाण्याची बाटली पुढे केली, आणि विचारलं,

"तुमच्या मायनं मलेबी पोहे देले. दरवेळी असेच खाऊ घालते काय?"

"दरवेळी," धनंजय म्हणाला. त्यानं बाटली परत दिली आणि तो चालू लागला. मनात तो गावातल्या एकेकाचं नाव घेत होता. कोण कुठल्या बांधीत होतं, कुणी भारे वाहिले, कुणी रात्रीची राखण केली. नाव घेत पाऊल टाकलं की पाऊल पडत होतं. कुणाकुणाचे आणि कसे उपकार फेडायचे, हा हिशेब त्यानं कधीच सोडून दिला होता. आता त्याला फक्त बरं वाटत होतं, एवढी माणसं आपली आहेत म्हणून.

भंडाऱ्याच्या मैदानाशी तो पोचला तेव्हा दुपार कलली होती. मंडपाचं कापड उतरवणं चाललं होतं, भोंगा बंद झाला होता. कुणी नसणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. झाडून घेणाऱ्या माणसांना चुकवत रेषा ओलांडायची आणि सहाच्या बसनं घरी जायचं.

फाटकाच्या सावलीत बसलेली एक मुलगी एकदम उठली. गळ्यात पदक, अंगावर चादर गुंडाळलेली.

"अड्याळचे धनंजय तुम्हीच ना?"

त्यानं मान हलवली. ती मागे वळून ओरडली, "अरे, आले! उठा!"

सावलीतून माणसं उठू लागली. सकाळी त्याला मागे टाकून गेलेली सगळी मंडळी. अंघोळ नाही, पाय सुजलेले, कुणी बूट हातात घेतलेले. पहिला आलेला तो लंबा पोट्टाही त्यांच्यात होता.

"तुम्ही गेले नाही घरी?" धनंजयला एवढंच सुचलं.

"कसं जाणार?" मुलगी म्हणाली. "तुमच्या आईनं पोहे देताना हात धरून वचन घेतलं. माझा मुलगा मागून येतोय, पाय दुखतोय त्याचा, सांगणार नाही तो. त्याला एकट्याला टाकून जाऊ नका म्हणाल्या."

कुणी त्याचा दंड धरला नाही, की उचललं नाही. सगळे नुसते त्याच्या बरोबरीनं निघाले, त्याच्याच चालीनं, लंगडत लंगडत, आणि फाटकापासून रेषेपर्यंतचं अंतर पुन्हा चालले. पांढरी रेषा दोन हातांवर आली तशी आजूबाजूची पावलं थांबली. धनंजयनं वळून पाहिलं. सगळे त्याच्या मागे उभे होते, आणि सगळ्यांच्या मागे, गाडीची किल्ली हातात घेऊन, भैय्यालाल.

"जा ना भाऊ," तो म्हणाला. "आमी येऊन राहिलो मांगून."