चौथी फेरी

डॉयलच्या तीन फेऱ्या ठरलेल्या असत. दर एप्रिलला स्टेट पार्कात तंबू ठोकून झाला, की तो बोट तळ्यात सोडायचा आणि बास मासे पकडायला जाण्याआधी किनाऱ्यासमोर तीन गरगरीत फेऱ्या मारायचा. लाटा काठापर्यंत यायच्या, त्याच्या दोघी पोरी उड्या मारायच्या, शेजारच्या तंबूंतली माणसं माना वळवून बघायची. वर्षभर लोकांच्या गाड्यांखाली लोळणाऱ्या मेकॅनिकला मिरवायला मिळत ते एवढेच चार दिवस. त्याची बायको वेंडा तेवढं समजून घ्यायची.

लाल दोरीचं मात्र तिला समजून घेता येत नसे. दोरीचं एक टोक इंजिनाच्या स्विचात, दुसरं चालवणाऱ्याच्या कमरेला. माणूस पाण्यात पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद होतं. इतकं साधं. पण डॉयलला ती दोरी म्हणजे कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा वाटायची.

"अडकव ना रे," त्या सकाळी धक्क्यावर वेंडा म्हणाली. "हातभर दोरीनं तुझी काय मर्दुमकी कमी होते का?"

"गळ टाकायला उठलो की खेचली जाते ती. दहा वेळा इंजिन बंद."

"होऊ दे बंद."

"बरं, बाईसाहेब." त्यानं दोरीचा हूक उचलला आणि पायाशी ठेवलेल्या बर्फाच्या पेटीच्या कडीला लावला. "घ्या. आता तुमची सँडविचं बुडायची नाहीत."

बोटीत शेजारच्या खुर्चीत बसलेली त्यांची थोरली, चौदा वर्षांची डेलनी खो खो हसली. वेंडालाही हसू आलं आणि तिनं विषय सोडून दिला. ते हसू तिला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं.

बोट लांब गेल्यावर ती तंबूपुढच्या टेबलाशी मक्याच्या पिठात मीठ-मिरपूड मिसळायला लागली. मासे अजून तळ्यातच होते, पण नवऱ्याच्या शब्दावर तळणीचं पीठ तयार ठेवायची तिला सवय होती. धाकटी हॅटी, सहा वर्षांची, पाण्याच्या कडेला उभी राहून फेऱ्या मोजत होती.

"एक. दोन." मग बऱ्याच वेळानं, "तीन."

आणि लगेच, "चार."

वेंडाचा हात पिठातच थांबला. चौथी फेरी कधी नसे.

तिनं मान वर केली. बोट फिरत होती, पण फेरी एकदम आवळली होती आणि बोट एका कुशीवर कलली होती. इंजिन कर्कश ओरडत होतं. चालवणाऱ्याच्या खुर्चीत कुणी नव्हतं. शेजारच्या खुर्चीतही नव्हतं.

"तुमचे साहेब आज रंगात आलेत," शेजारच्या तंबूतला म्हातारा म्हणाला, आणि त्यानं टाळ्या वाजवल्या.

"पाच," हॅटी म्हणाली.

फेरीच्या मधोमध पाण्यात एक डोकं दिसलं. बोट त्याच्याकडे वळली, डोकं खाली गेलं, बोट वरून निघून गेली. मागे नुसता पांढरा फेस. मग डोकं पुन्हा वर आलं, आणि बोट पुन्हा वळलीच.

वेंडा पळाली. कमरेएवढ्या पाण्यात शिरून ती ओरडत होती, पण इंजिनापुढे तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता. डोकं एकच होतं. ओलं, काळपट, कुणाचं ते इतक्या लांबून कळेना. दुसरं कुठे होतं? बोटीच्या तळाशी, की तळ्याच्या?

ते डॉयलचं असू दे, असं तिच्या मनात आलं. पोरीचं नको, त्याचं असू दे. देवाला तिनं अगदी या शब्दांत सांगितलं, आणि काय मागितलं ते लक्षात येताच तिचं ओरडणं थांबलं.

"आठ," मागून आवाज आला.

बोट गेली आणि फेसातून काहीतरी नारिंगी वर आलं. लाइफ जॅकेट. डेलनीचं हिरवं होतं, नारिंगी डॉयलचं. ते रिकामं होतं आणि इंजिनाच्या पंख्यानं उभं फाडलेलं होतं. देवानं ऐकलं होतं.

तेवढ्यात बोटीच्या कडेवर पांढरी पेटी दिसली. कुणीतरी आतून तिला ढकलत होतं. पेटी कडेवर डगमगली आणि पलटी खाऊन पाण्यात पडली. पाठोपाठ लाल दोरी ताणली गेली.

इंजिन बंद पडलं. त्या शांततेचं वेंडाला आवाजापेक्षा जास्त भय वाटलं. डेलनी बोटीत उठून बसली, कपाळावर रक्त होतं, आणि ती चारी बाजूंना बघत "डॅडी, डॅडी" म्हणत होती. पाणी सपाट होत आलं होतं. सँडविचं तरंगत होती.

मग बोटीच्या पलीकडच्या कडेवर एक हात आला.

तासाभरानं डॉयल टेबलापाशी बाकावर बसला होता. अंगावर दोन टॉवेल, वर लख्ख ऊन, तरी दात वाजत होते. तिसऱ्या फेरीत पाण्याखालच्या झाडाच्या खोडाला बोट धडकली आणि तो फेकला गेला. जॅकेट बुडी मारू देईना, म्हणून त्यानंच ते काढून टाकलं. डेलनी तळाशी आपटली होती. स्विचपर्यंत तिचा हात पोचेना, पण पेटी पायाशी होती, आणि सकाळची थट्टा तिला आठवली. आता ती तंबूत झोपली होती. वेंडा दर दोन मिनिटांनी आत जाऊन तिचा श्वास बघून येत होती.

हॅटी बापाच्या गुडघ्याशी आली. "डॅडी, तू नऊ फेऱ्या मारल्यास."

"तीन," डॉयल म्हणाला. "बाकीच्या सहा मी खालून मोजल्या."

हॅटीला काही कळलं नाही. ती खेळायला निघून गेली.

"खाली एकच मागत होतो," तो हळूच म्हणाला. "पाण्यात मी एकटाच असू दे."

वेंडा पिठाच्या भांड्याकडे बघत राहिली. "मीही तेच मागत होते," ती म्हणाली.

त्यानं वर बघितलं. ती काय म्हणते आहे ते त्याला पुरतं कळलं, हे तिला दिसलं. तो बाकावर थोडा सरकला आणि तिच्यासाठी जागा केली.