खुर्ची सोडणारा

हे कागदावर आणायचंच नाही, असं त्याने जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

झालं असं, की बुद्धिबळाच्या संघात रविवारच्या सामन्याला चौथ्या पटावर कोण बसणार ते ठरेना. कॅप्टनने दोघांना फर्मान सोडलं, "आपलं पक्कं काय, कच्चं काय, एका पानावर लिहून आणा. थापा नकोत." दोघे म्हणजे तो, चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा, आणि त्याचा दोस्त ढब्बू, व्हॅनवाला.

पक्कं भराभर उतरलं. घोडे बरे चालतात. सुरुवात तोंडपाठ. हल्ला जोरात. कच्चं म्हणून एकच शब्द लिहिला, 'शेवट', आणि जेवणाच्या सुट्टीत पान ढब्बूपुढे सरकवलं.

"शेवट कच्चा? कोण म्हणालं?"

"सहा डाव घालवले की. हातातले."

"घालवलेस. पण शेवटाला तू खुर्चीत होतास कुठे?"

"म्हणजे?"

"एक प्यादं जास्त झालं की तू उठतोस. हॉलभर मिरवतोस. माझ्या मागे उभा राहून कानात कुजबुजतोस, माझं झालंच म्हणून. तिकडे तुझं घड्याळ पळतंय. मग धावत येऊन उभ्या उभ्या चाल करतोस आणि माती खातोस."

"पाय मोकळे करतो रे."

"हो, फीत कापायला आलेल्या पाहुण्यासारखे."

त्याने पान घडी करून खिशात घातलं. दुपारभर काचा घासताना तेच डोक्यात. खेळ त्याचाच सरस, हे ढब्बूही कबूल करायचा. 'शेवट' एवढंच ठेवलं तर रविवारचा पट त्याचा. शेवट काय, पुस्तकातून सुधारतो. पण हे दुसरं लिहिलं तर कॅप्टन नावावर काट मारणार.

दुकान बंद होताना त्याने 'शेवट' खोडलं. खाली लिहिलं, 'जिंकायला लागलो की मला पट नको असतो, बघणारे हवे असतात.'

कॅप्टनने वाचलं, चष्मा काढला. "खरंय हे?"

"हो."

"मग रविवारी ढब्बू."

ढब्बू व्हॅन धूत होता. बातमी ऐकून त्याचा पाईप तसाच वाहत राहिला. "च्यायला. माझ्यामुळे गेलं तुझं."

"तू नुसतं सांगितलंस. मी आधीपासूनच तसा होतो."

"बघायला तरी येशील?"

"येईन. पण तुझा डाव संपेपर्यंत तुझ्या पटाकडे फिरकणार नाही. शब्द देतो."