तीन केसांचा ब्रश आणि खोटी थंडी

मी एक जुना ब्रश आहे, मित्रांनो. केस फक्त तीन. हसू नका. तुमच्या कंपासपेटीतल्या त्या झाडूसारख्या ब्रशांना माझं काम सात जन्मांत जमणार नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मला भरपूर केस होते. माझी भावंडं चित्रकारांकडे गेली आणि मी समुद्राच्या तळाचा गाळ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आलो. तिथल्या वेचणाऱ्या बाईंनी नखं कापायच्या कात्रीने माझे केस छाटून तीनच ठेवले. जहाजावरून लांब नळी तळात खुपसून गाळ वर काढतात. जितका खालचा थर तितका जुना. तो धुतला की वाळूच्या कणाएवढे शिंपले उरतात. पाण्यात तरंगणाऱ्या इवल्या जिवांची ती घरं. बाई सूक्ष्मदर्शकातून पाहत माझ्या ओल्या टोकाने एकेक शिंपला उचलायच्या. बावीस वर्षं आम्ही हेच केलं.

मग ते शिंपले यंत्राकडे जात. शिंपल्यात जड आणि हलका असा दोन प्रकारचा ऑक्सिजन असतो. पाणी जितकं थंड, तितका जड जास्त. यंत्र तेवढं मोजायचं आणि दिवसभर घुं घुं करायचं. पाहुणे आले की त्या धुडासमोर उभे राहून फोटो काढत. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांना वेचायला बाईंनीच शिकवलं होतं. खुर्ची मिळाली आणि ते विसरले. वेचणंही आणि शिकवणारीलाही.

एकदा एका थरात हव्या त्या जातीचे चारच शिंपले निघाले. यंत्राला दहा लागत.

“दुसऱ्या जातीचे सहा घाला,” साहेब म्हणाले. “शिंपला तो शिंपला.”

“अहो, आपली जात वरच्या उबदार पाण्यात राहते, ती दुसरी खोल गारठ्यात,” बाई म्हणाल्या. “खालची थंडी वरच्या पाण्याच्या नावावर लागेल.”

“विचार मी करतो. तुम्ही वेचा.”

बाई जागेवरून उठल्या. मग साहेबांनीच मला उचललं, चहा प्यायलेल्या जिभेने माझं टोक ओलं केलं आणि सहा परके शिंपले त्या चारांत ढकलले. मला किळस आली.

यंत्राने इमानाने थंडी दाखवली. साहेब शेफारले. म्हणे समुद्र एकाएकी गारठला होता आणि ते यांनी शोधून काढलं होतं. लेख धाडायला फक्त वेचणीच्या कागदावर बाईंची सही हवी होती: सर्व शिंपले एकाच जातीचे.

“निवृत्तीला वर्ष राहिलं तुमच्या. कशाला वाकड्यात शिरता?” साहेब म्हणाले.

“खोटं लिहून देणार नाही,” बाई म्हणाल्या.

त्यांनी त्याच थराचा राखून ठेवलेला गाळ मागवला, धुतला, आणि तीन दिवस मान मोडून आम्ही खऱ्या जातीचे दहा शिंपले शोधले. यंत्राने मोजले. थंडी बेपत्ता. मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

लेख बारगळला. वरच्या कार्यालयाने विचारलं, चूक कुणाची? साहेबांनी लिहिलं, ‘ब्रश जुना व सदोष. परके शिंपले चिकटून आले.’ नाचता येईना, अंगण वाकडं. त्या कागदावरही बाईंची सही लागणार होती.

“ब्रशच तर आहे,” साहेब म्हणाले. “त्याला कुठे घर चालवायचंय?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग सही केली.

आता मी तुटक्या पेन्सिलींबरोबर एका खोक्यात पडून आहे. मित्रांनो, ब्रश वापरून झाला की धुवा, पाण्यात उभा ठेवू नका. आणि चूक केलीत तर ती स्वतःच्या नावावर लिहा. आम्हाला तोंड नाही म्हणून आमच्यावर खापर फोडू नका. साहेबांचा मला राग नाही. त्यांच्याकडून अपेक्षाच नव्हती. बाईंकडून होती.