चाकांची क्रेन

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात नीला कॉम्प्युटर विभागात होती. तिचे वडील कुंडलिक तिथेच, पोलाद उतरवायच्या शेडमध्ये, चाकांची क्रेन चालवायचे. कोपरीहून दोघं डबे घेऊन बरोबरच निघायचे.

फाटकाबाहेर ट्रक खोळंबायचे, म्हणून मॅनेजरसाहेबांना शेडमध्ये तिसरी क्रेन हवी होती. पण आधी कॉम्प्युटरवर करून बघ, असं त्यांनी नीलाला सांगितलं. ती जीपीएसएस नावाची कॉम्प्युटरची भाषा नुकतीच शिकली होती. त्या भाषेत घडेल तसं लिहायचं: ट्रक आला, रांगेत थांबला, क्रेन मिळाली, माल उतरला, ट्रक पुढे गेला. मग आतलं घड्याळ एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारतं आणि महिन्याचं काम चहा संपेपर्यंत उरकतं.

छापून आलेला निकाल नीलाने दोनदा वाचला. शेडमधली दुसरी क्रेन बहुतेक वेळ रिकामीच होती. ती बाबांची. खोळंबा होता मागच्या अंगणात, जिथे तयार माल हमाल हातांनी चढवायचे; तिथली रांग थेट फाटकापर्यंत यायची.

रात्री जेवताना तिने सांगून टाकलं.

"माझ्याच पोरीने माझ्यावर कॉम्प्युटर लावला!" कुंडलिक ताटावरून उठले.

"देऊच नको तो कागद, नोकरी जाईल त्यांची," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नीलाने प्रोग्राममध्ये माल उतरवायचा वेळ थोडा वाढवून टाकला, म्हणजे बाबांची क्रेन रिकामी दिसणार नाही. कुणाला कळलं नसतं. मग तिचं तिलाच कसंतरी वाटलं. तिने आकडा पूर्ववत केला. आणि तेव्हा तिला सुचलं: बाबांची क्रेन अंगणात नेली तर? तिने प्रोग्राम बदलून पुन्हा चालवला. रांग जवळपास उरलीच नाही. तिने दोन्ही निकाल साहेबांसमोर ठेवले.

"म्हणजे नवी क्रेन नको?"

"आहे तीच हलवा, साहेब. माणसासकट."

साहेबांनी करून पाहिलं. फाटक मोकळं झालं आणि नव्या क्रेनचा विषय मागे पडला. कुंडलिक मात्र धुसफुसत होते.

"सावलीतनं उचलून उन्हात टाकलंस मला. आता विचार तुझ्या मशीनला, छप्पर कधी घालताय?"

"ते मशीनला नाही कळत, बाबा. साहेबांना विचारते."

तिने विचारलं, दोनदा. आठवड्याभराने अंगणावर ताडपत्री चढली. त्या संध्याकाळी कुंडलिक तिच्यासाठी फाटकापाशी थांबले. तिची पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली.