दोरा नसलेली पाच

त्या रविवारी पिंपरी पेंढारच्या पारावर माणसांपेक्षा कुत्रीच जास्त. रक्ताच्या उलट्यांच्या साथीत पिल्लं पटापट मरत होती आणि दोरेबाबा कुत्र्यांच्या गळ्यात काळे दोरे बांधत होता.

"खंडोबाची कुत्री ही! माजा दोरा बांधलेलं एक तरी मेलं का?"

"न्हाई!" गर्दी गरजली.

सारजाबाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली. बाबा दोरा बांधत होता तो थोराड, धडधाकट गावठी कुत्र्यांनाच!

त्यांची नात श्रेयाने रॉकीला पुढे केलं. रॉटवायलर या विलायती जातीचं, अडीच महिन्यांचं पिल्लू. त्याची दोन भावंडं मंचरला याच साथीत गेलेली. बाबाने हात आखडला.

"इलायती जात! घरात दोष हाय तुमच्या. पाच रविवार या. तवर सुई टोचाल तर देव कोपंल."

श्रेयाचे डोळे भरले. जनावरांच्या दवाखान्याची लशीची गाडी तर समोरच उभी होती.

खंडोबाच्या नावाने आळीतल्या कुत्र्यांना भाकरी घातल्याशिवाय सारजाबाई तोंडात घास घेत नसत. एकोणीस वर्षांचा नेम. त्या हळूच म्हणाल्या, "बाबा, आमच्या आळीत कुत्री अकरा. सहांना मागल्या रविवारी तुमचा दोरा. पाच हाताला लागलीच न्हाईत. आज भाकरीला अकराच्या अकरा हजर व्हती. त्या पाचांना कुनी वाचवलं?"

"शेजारच्या दोऱ्याची हवा लागती!"

"मग रॉकीलाबी लागंल की, राव!" गर्दीतून गेणभाऊ ओरडला. सगळा पार हसला.

गाडीतून डॉक्टर वृषाली उतरल्या. "मोठी गावठी कुत्री मागच्या साथींतून तगलेली आहेत. शिवाय त्यांचे आईबाप ठिकठिकाणचे, त्यामुळे रोगाशी लढणारी जनुकंही निरनिराळी. एकाचं हत्यार चाललं नाही, तर दुसऱ्याचं चालतं. जातिवंत कुत्री मोजक्याच घराण्यांत जुळवतात, म्हणून सगळ्यांकडे बहुतेक तीच हत्यारं. घराचा दोष कसला! आणि पिल्लं गावठीही मरतात. लस सगळ्यांनाच हवी."

"देव कोपंल!" बाबा किंचाळला.

"माज्या देवाला मी रोज भेटते," सारजाबाई म्हणाल्या. "इचारल्याचा राग त्याला कदी आला न्हाई. तुमाला का येतोय?"

त्यांनी रॉकीला घट्ट धरलं. सुई टोचली, रॉकी कुईं करून त्यांचा हात चाटू लागला.

"तीन आठवड्यांनी पुन्हा आणा," डॉक्टर म्हणाल्या. मागे रांग लागली होती. बाबा झोळी उचलून कधीच पसार झालेला.

बायांनो, नेम पाळा, देवाच्या नावाने भाकरी घाला. पण रोगावर लसच द्या. आणि दोऱ्याने किती वाचले हे कुणी सांगू लागला, की आधी विचारा: दोरा नसलेल्यांचं काय झालं?