कटल्याचं डोकं, रोहूचं अंग

उसाला पाणी देऊन देऊन भवानीनगरच्या गेणबाचं खालचं रान खारवून चोपण झालं. ब्याण्णव साली त्यानं तिथं तळं खणलं आणि रोहू माशाचं बीज सोडलं.

मासे हातभर झाले तसे ते काही रोहू वाटेनात. अंग रोहूसारखं लांबट, तांबूस. डोकं मात्र कटला माशासारखं थोराड. बायको सारजा म्हणाली, "बीजवाल्यानं फशिवलं तुमास्नी."

गेणबाला त्यांचा लळाच लागला होता. तरुणपणी तो मेंढरांमागं हिंडलेला. तो काठावर खाकरला की मासे पेंडीसाठी वर यायचे. उन्हाळ्यात कॅनॉलचं पाणी लांबलं, तळं गुडघाभर उरलं, तेव्हा त्यानं ठरवलं, पिंपं भरून मासे उजनीच्या धरणात सोडायचे. जगतील तरी.

थोरली लेक राजेश्वरी बारामतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. रविवारी आली तेव्हा तिनं मासा हातात घेऊन उलटासुलटा केला.

"आबा, ह्यो संकर हाय. बीज काढताना कटला आन् रोहू एका टाकीत ठेवले की असं व्हतं. समुद्रातबी दोन जाती कवातरी मिसळत्यात. पण ह्यो धरणात सोडू नका."

"का? सरकारी मेंढा आणून मेंढरं संकरित केली, तवा सायबांनी पाठ थोपटली. माशात झालं की भेसळ व्हय?"

"मेंढा कुठल्या कळपात घालायचा ते तुमी ठरवलं. धरणात गेलेला मासा माघारी कोण आणणार? ह्यास्नी पिल्लं व्हत्यात. पुढं अस्सल रोहू हुडकावा लागंल."

तोच मेंढा एकदा दुसऱ्याच्या कळपात शिरला होता. मग झालेली भांडणं गेणबाला आठवली.

दुसऱ्या दिवशी जाळं ओढलं. इंदापूरच्या बाजारात तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, "रोहू न्हाय, कटलाबी न्हाय. दोघांचं लेकरू हाय. पटलं तर घ्या." काही जण हसून पुढं गेले. खानावळवाल्या कुशाबाईनं मात्र पाटीभर उचलले. दुपारपर्यंत बाकीचेही खपले.

चार-पाच मासे त्यानं तळ्यातच मागं ठेवले होते. "आपल्या हिरीत सोडू का गं?" पुढच्या रविवारी त्यानं लेकीला विचारलं.

"सोडा. वाहत्या पाण्याबिगर ते अंडी घालत न्हाईत."

"मग मी त्या हिरीचं पाणी पिणार न्हाय," सारजा म्हणाली.

मासे विहिरीत गेले, आणि तेव्हापासून प्यायचं पाणी भावकीच्या विहिरीवरून यायला लागलं. घागर मात्र गेणबाच आणायचा.